घराचा साचा आणि गवंड्याची हत्यारे

पूर्वी आपण घर रचत होतो. दगडावर दगड, विटेवर वीट. आता पुष्कळ घरे ओततात. आधी साचा उभा करतात. त्यात लोखंडी सळ्या बांधतात. मग सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा माल त्यात ओततात. हाच माल वाळून दगडासारखा होतो. याला काँक्रीट म्हणतात.

गुऱ्हाळावर गूळ साच्यात भरतात, ते आपण पाहिले आहे. साचा जसा, तशी ढेप. साचा वाकडा, तर ढेप वाकडी. पण ढेप वाकडी झाली म्हणून तिची गोडी कमी होत नाही. घराचे तसे नाही. खांब वाकडा उभा राहिला, तर त्याच्यावरचा भार तिरका पडतो. स्लॅबचा साचा खचला, तर खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. ढेप पुन्हा वितळवता येते. काँक्रीट एकदा घट्ट झाले, की ते मागे फिरत नाही.

म्हणून या धड्यात आपण साच्याची आणि काँक्रीटची हत्यारे पाहू. तुम्ही म्हणाल, "आम्ही काय गवंडी आहोत?" नसाल. पण घर तुमचे आहे. पैसा तुमचा आहे. घरकुलाचा हप्ता असो, सोसायटीचे कर्ज असो, की पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम असो. ज्याला हत्यार ओळखता येते, त्याला काम ओळखता येते. आणि ज्याला काम ओळखता येते, त्याला कोणी फसवीत नाही.

भिंत का पडते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. तिथे घरांच्या भिंती चांगल्या जाड होत्या. दगडही भक्कम होते. मग त्या का पडल्या? दगड मातीत बसवलेले होते. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काही नव्हते. वर धाब्याच्या मातीचे मोठे ओझे होते. जमीन हलली, दगड सुटले आणि छत खाली आले.

यातून एक गोष्ट शिकायची. भिंत जाड आहे म्हणून घर पक्के नसते. घर बांधलेले हवे, म्हणजे एकमेकांत गुंतलेले हवे. काँक्रीट आणि सळई हे गुंतवण्याचे काम करतात. पण ते नीट केले तरच. वाईट काँक्रीटचे घर मातीच्या घराहून चांगले नसते.

पहिले हत्यार : वही, पेन्सिल आणि टेप

सगळ्यांत पहिले हत्यार आता तुमच्याजवळ आहे. तुम्हाला वाचता येते, लिहिता येते. एक वही करा. रोज किती पोती सिमेंट लागले, कोण कामावर आले, कोणता खांब कोणत्या तारखेला भरला, ते लिहा.

सिमेंटचे पोते आले, की त्यावरची अक्षरे वाचा. वजन ५० किलो लिहिलेले असते. सिमेंट कोणत्या प्रकारचे, ते लिहिलेले असते. कोणत्या आठवड्यात किंवा महिन्यात भरले, तेही असते. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. हवेतला ओलावा लागून त्याचा जोर कमी होतो. हातात घेऊन पाहा. खडे झाले असतील आणि बोटांनी फुटत नसतील, तर ते पोते परत पाठवा.

टेपवर एका बाजूला फूट-इंच असतात, दुसऱ्या बाजूला मीटर-सेंटिमीटर. कामावर एकच माप धरा. मिस्त्री फुटात बोलतो आणि सळईवाला मीटरमध्ये, असे झाले की चूक ठरलेली.

दोरी, गुण्या आणि तीन-चार-पाच

घराचा कोपरा काटकोनात हवा. लहान कोपऱ्यासाठी गुण्या असतो. पण पाया आखताना लहान गुण्या पुरत नाही. हातभर गुण्यात थोडी चूक असली, तर तीस फुटांवर ती कितीतरी मोठी होते.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. कोपऱ्यावर खुंटी ठोका. एका बाजूच्या दोरीवर ३ फुटांवर खूण करा. दुसऱ्या बाजूच्या दोरीवर ४ फुटांवर खूण करा. आता या दोन खुणांमधले अंतर तिरके मोजा. ते बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. कमी भरले, तर कोपरा आवळला आहे. जास्त भरले, तर कोपरा पसरला आहे. मोठ्या घराला हेच माप दुप्पट करा : ६, ८ आणि १०. माप जेवढे मोठे, तेवढी चूक कमी.

पाणनळी

दोन लांबच्या जागा एका पातळीत आहेत का, हे डोळ्यांना कळत नाही. पाण्याला कळते. म्हणून गवंडी आरपार दिसणारी लांब नळी वापरतो. नळीत पाणी भरतात. एक टोक एका खांबाशी धरतात, दुसरे टोक दुसऱ्या खांबाशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येऊन थांबते. तिथे खूण करायची.

तीन गोष्टी पाहा. नळीत हवेचा बुडबुडा नको. नळी कुठे दुमडलेली नको. आणि दोन्ही टोके उघडी हवीत. एका टोकावर अंगठा राहिला, तर पाणी खोटे बोलते. आधी दोन्ही टोके शेजारी शेजारी धरून पाहावी. पाणी सारखे दिसले, तर नळी बरोबर.

ओळंबा

ओळंबा तुम्ही पाहिलाच आहे. दोरीला टांगलेला लोखंडाचा किंवा पितळेचा गोळा. दोरीत एक पट्टी असते. ती पट्टी गोळ्याच्या रुंदीला जुळेल अशी केलेली असते. पट्टी साच्याच्या वरच्या कडेला टेकवायची आणि गोळा खाली सोडायचा. गोळा हलायचा थांबला, की पाहायचे. गोळा साच्याला जेमतेम स्पर्श करतो, तर साचा सरळ. गोळा आणि साचा यांत फट पडली, तर साचा वरून आपल्याकडे झुकला आहे. गोळा साच्याला दाबून बसला आणि दोरी तिरपी झाली, तर साचा पलीकडे झुकला आहे.

खांबाचा साचा एकाच बाजूने पाहून भागत नाही. लागून असलेल्या दोन बाजूंनी पाहावा लागतो. आणि काँक्रीट भरायच्या आधी पाहावा, भरून होताच पुन्हा पाहावा. माल ओला आहे तोवर साचा सारता येतो. दुसऱ्या दिवशी फक्त हळहळता येते.

साचा, धिरे आणि टेकू

साचा फळ्यांचा, प्लायवूडचा किंवा लोखंडी प्लेटांचा असतो. त्याला सेंट्रिंग म्हणतात. त्यासाठी हातोडा, करवत, पहार, खिळे आणि बांधणीची तार लागते. साच्याला आतून तेल लावतात, म्हणजे तो सहज सुटतो. मात्र तेल साच्याला लावायचे, सळईला नाही. सळईला तेल लागले, तर काँक्रीट तिला धरत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक खोली १० फूट लांब, १० फूट रुंद. स्लॅब ५ इंच जाड. या स्लॅबच्या काँक्रीटचे वजन किती? २८ क्विंटलांहून जास्त! म्हणजे ज्वारीची ५० किलोची ५६ पोती एका खोलीच्या डोक्यावर रचली, असे समजा. शिवाय वर चालणारी माणसे वेगळी. हा सगळा भार पहिले काही दिवस टेकूंवर असतो. काँक्रीट तेव्हा स्वतःचा भार घेत नाही.

म्हणून टेकू सरळ उभा हवा. त्याच्या बुडाखाली फळी हवी. ओल्या मातीवर नुसता टेकू ठेवला, तर तो खाली शिरतो. विटांचे तुकडे एकावर एक रचून त्यावर टेकू ठेवतात, ते तर फार धोक्याचे. टेकू एकमेकांना आडव्या-तिरक्या वाशांनी बांधलेले हवेत.

भिंतीच्या साच्याची गोष्ट वेगळी. ओला माल पाण्यासारखा बाजूला रेटा देतो, आणि तो पाण्याच्या दुपटीहून जड असतो. ओला माल ३ फूट उंच भरला, तर तळाशी एका चौरस फुटावर सुमारे २ क्विंटलांचा रेटा बसतो. म्हणून भिंतीचा आणि खांबाचा साचा खालच्या बाजूला जास्त घट्ट आवळावा. आणि माल एकदम ओतू नये, थराथराने भरावा.

सळईची हत्यारे

सळ्या वाकवायला पान्हा लागतो. कापायला छिन्नी-घण किंवा कटर लागतो. आणि तार पिळायला आकडा लागतो. आकडा दिसायला लहान असतो, पण सळ्या जागच्या जागी ठेवणारा तोच. जिथे सळई सळईला छेदते, तिथे तारेची गाठ हवी.

सळई साच्याला टेकता कामा नये. टेकली, तर ती काँक्रीटच्या बाहेर उघडी राहते. तिला ओल लागते, ती गंजते आणि फुगते. मग छताचे पापुद्रे पडू लागतात. म्हणून सळईखाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवतात. त्यांना कव्हर म्हणतात. स्लॅबला पाऊण इंचाचे, खांबाला दीड इंचाचे. दगडाचे किंवा लाकडाचे तुकडे त्याऐवजी चालत नाहीत.

फर्मा आणि बादली

माल मोजण्यासाठी पेटी असते. तिला फर्मा म्हणतात. सिमेंटच्या एका पोत्यात सुमारे ३५ लिटर सिमेंट असते. म्हणून फर्मा आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच केला, तर त्यात बरोबर ३५ लिटर माप बसते. स्लॅब आणि खांबासाठी सर्वसाधारण प्रमाण असे : सिमेंट १ पोते, वाळू दीड फर्मा, खडी ३ फर्मे. इंजिनिअरने वेगळे प्रमाण दिले असेल, तर ते पाळावे. घमेल्याने मोजले, तर एकजण शीग लावून भरतो, दुसरा सपाट भरतो. फर्म्यावर फळी फिरवली, की माप एकच.

आता पाण्याचे. इथेच सगळे बिघडते. एका पोत्याला ३० लिटरहून जास्त पाणी घालू नये. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल, तर त्याहूनही कमी.

कामावर असे बोलणे नेहमी ऐकू येते :

"मिस्त्री, ही तिसरी बादली कशाला ओतता?"

"काकू, माल घट्ट झालाय. सरकत नाही. पोरांचे हात भरून आले."

"सरकत नाही तर सळईने खोचा. पण पाणी नको."

"थोड्या पाण्यानं काय होतंय?"

"आमटीत पाणी वाढवलं तर ती पुरते, मिस्त्री. पण चव जाते का नाही? तसंच हे. पाणी उडून जातं, आणि त्या जागी भोकं राहतात. मग पावसाळ्यात छत गळतं, ते आम्ही निस्तरायचं."

या बाईंनी बरोबर सांगितले. जास्तीचे पाणी सिमेंटला लागत नाही. ते वाळून जाते आणि काँक्रीट पोकळ होते. माल सोपा सरकतो, पण घर कच्चे राहते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाच्या आत माल जागेवर पडावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये.

खोचणे आणि सपाट करणे

ओतलेल्या मालात हवा अडकते. ती बाहेर काढली नाही, तर आत पोकळ्या राहतात. साचा काढला, की भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. मिस्त्री वरून गिलावा लावून झाकतो. पण झाकले म्हणजे भरले असे नाही.

हवा काढायला व्हायब्रेटर असतो. तो इंजिनावर किंवा विजेवर चालतो. त्याची नळी मालात सरळ घालावी, बुडबुडे थांबले की हळूच वर काढावी. एकाच जागी फार वेळ ठेवली, तर खडी खाली बसते आणि पाणी वर येते. व्हायब्रेटर नसेल, तर लहान कामात सळईने खोचतात आणि साच्याला बाहेरून लाकडी हातोडीने ठोकतात. वरचा भाग सपाट करायला लांब पट्टी, लाकडी रंधा आणि थापी लागते.

झारी, पोते आणि दिनदर्शिका

काँक्रीट वाळून घट्ट होते, असे आपण बोलतो. खरे तर ते पाणी पिऊन घट्ट होते. सिमेंट आणि पाणी यांची आत क्रिया चालू असते. वरचे पाणी उन्हाने उडाले, तर ती क्रिया थांबते. म्हणून स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरतात. खांबाला ओली पोती गुंडाळतात. हे काम निदान १० दिवस करावे. कडक उन्हाळ्यात १४ दिवस. हे काम बहुतेक घरच्या बायका आणि म्हातारी माणसे करतात. ते हलके समजू नका. गवंड्याइतकेच ते घर बांधत असतात.

स्लॅबची लांबी १५ फुटांच्या आत असेल, तर टेकू निदान ७ दिवस हलवू नयेत. त्याहून मोठी असेल, तर निदान १४ दिवस. आजकाल राख मिसळलेले सिमेंट पुष्कळ वापरतात. ते सावकाश घट्ट होते. त्याला आणखी काही दिवस द्यावेत आणि इंजिनिअरला विचारूनच टेकू काढावेत. सेंट्रिंगवाला घाई करतो, कारण त्याला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात. तेव्हा वही उघडा. स्लॅब ओतल्याची तारीख दाखवा. लिहिलेल्या तारखेशी वाद घालता येत नाही.

न काढायचा साचा

आता एक नवलाची गोष्ट ऐका. काही देशांत असा साचा वापरतात, की जो काढतच नाहीत. तो थर्मोकोलसारख्या हलक्या फेसाचा असतो. कॅनडातल्या वेर्नर ग्रेगोरी नावाच्या कंत्राटदाराने १९६६ साली अशा साच्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. कॅनडात बर्फ पडते. घरातली ऊब बाहेर जाऊ नये, म्हणून हा फेस कामी येतो. आज कॅनडा आणि अमेरिकेत असे ठोकळे बाजारात मिळतात.

एक ठोकळा साधारण ४ फूट लांब आणि १६ इंच उंच असतो. दोन बाजूंना फेसाचे पाट, मध्ये पोकळी. दोन्ही पाट प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेले. ठोकळ्यावर ठोकळा खाचेत बसवायचा. पोकळीत सळ्या ठेवायच्या आणि काँक्रीट भरायचे. साचा आत-बाहेर तसाच राहतो. त्यावर गिलावा किंवा फळ्या लावतात. फेस उघडा ठेवत नाहीत, कारण तो जळतो आणि विषारी धूर करतो. जमिनीखालच्या फेसात वाळवी वाट करू शकते, तीही काळजी घ्यावी लागते.

याला लागणारी हत्यारे पाहा. टेप, दोरी, पाण्याची पातळी, ओळंबा : सगळी आपलीच. ठोकळा कापायला साधी हातकरवत पुरते. फटी भरायला फेसाची पिचकारी लागते. भिंतीला उंच लोखंडी आधार लावतात. त्यांना पेचाचा तिरका दांडा असतो. पेच फिरवला, की भिंत केसभर इकडे-तिकडे सरते आणि ओळंब्यात येते. माल सुमारे ४ फुटांच्या थराने भरतात. एकदम भरला, तर साचा फुटून माल बाहेर येतो. म्हणून तिथले कामगार प्लायवूडचे तुकडे आणि स्क्रू हाताशी तयार ठेवतात. कुठे फुटलेच, तर चटकन ठिगळ मारतात.

आपल्या तालुक्याच्या बाजारात हे ठोकळे सहसा मिळत नाहीत. पण यातून एक कळते. देश बदलला, साचा बदलला, तरी रेटा तोच आणि ओळंबाही तोच. ज्याला ही साधी हत्यारे नीट वापरता येतात, तो कोणतेही नवे काम शिकू शकतो.

माणसे जपा

सिमेंटने कातडी जळते. अनवाणी पायांनी माल तुडवू नये. बूट आणि हातमोजे घालावेत. घमेली वाहणाऱ्या बायकांसाठी परांचीची वाट रुंद आणि घट्ट हवी. डोळ्यांत माल उडाला, तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे. व्हायब्रेटरची वायर तुटकी नको, ती पाण्यात पडलेली नको. स्लॅब ओतताना खाली कोणीही थांबू नये. मुलांना तर तिकडे फिरकू देऊ नये. सावलीला म्हणून टेकूंमध्ये पाळणा बांधतात, तो कधीही बांधू नये.

ध्यानात ठेवा

१. भरण्याआधी ओळंबा, भरल्यावर पुन्हा ओळंबा.
२. एका पोत्याला ३० लिटरहून जास्त पाणी नाही.
३. सळई साच्याला टेकू देऊ नये.
४. १० ते १४ दिवस पाणी मारावे.
५. टेकू तारीख पाहून काढावेत, घाई पाहून नाही.

प्रश्न

१. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे दोरीने कसे पाहाल?
२. पाणनळी वापरताना कोणत्या तीन गोष्टी पाहाव्या?
३. जास्त पाणी घातले, तर काँक्रीटचे काय होते?
४. स्लॅब ५ तारखेला ओतला. खोली १२ फुटांची आहे. टेकू कोणत्या तारखेच्या आधी काढू नयेत?

करून पाहा

घरी सिमेंटचे रिकामे पोते असेल, तर त्यावरची सगळी अक्षरे मोठ्याने वाचा. न कळलेला शब्द वहीत लिहा आणि वर्गात विचारा. आपल्या अंगणाच्या एका कोपऱ्यावर ३, ४ आणि ५ फूट मोजून पाहा. कोपरा काटकोनात निघतो का, ते उद्या वर्गात सांगा.